झेडएफएस पूलचं स्क्रब महिन्यातून एकदा, पण कुठल्या रात्री?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगलीत लग्नांच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. उबंटूच्या सर्व्हरवर झेडएफएस या फाइलसिस्टमचा, 8 टीबीच्या 6 डिस्कचा रेडझेड2 पूल (सगळ्या डिस्क मिळून एक साठा, दोन मेल्या तरी डेटा टिकतो), नाव टँक, प्रत्येक डिस्कवर साधारण 5 टीबी भरलेलं. रात्री दहाला स्टुडिओ बंद करताना सर्व्हरही बंद होतो. बॅकअप तीन यूएसबी डिस्कवर वाटलेला असतो आणि अल्बम-व्हिडिओची डिलिव्हरी झाली की दोन महिन्यांनी त्या लग्नाचा बॅकअप काढून टाकता. 'झेडपूल स्टेटस' ही आज्ञा शेवटचं स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) मागच्या वर्षीचं दाखवतंय, तेही तुम्ही हाताने चालवलेलं. आता विचारताय की स्क्रब दर आठवड्याला लावावं की दर महिन्याला, त्याने डिस्क झिजतात का, आणि दिवसा चाललं तर एडिटिंग अडेल का.

उत्तर आधी देतो. महिन्यातून एकदा, दुसऱ्या बुधवारी रात्री आठला सुरू करा, ती एक रात्र सर्व्हर चालू राहू द्या, आणि निकाल तुमच्या मेलवर येईल अशी सोय करा. या तिन्हींत सगळ्यात महत्त्वाचं तिसरं आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच केलेलं नसतं. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या, हे वेगळं सांगायला नको.)

आपोआप स्क्रब का झालं नाही, ते आधी बघू. उबंटू आणि डेबियनवर झेडएफएसची साधनं बसवली की क्रॉनची (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) एक फाइल सोबत येते. तिच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रिम (एसएसडीला रिकामी जागा कळवणं) आणि दुसऱ्या रविवारी स्क्रब लावलेलं असतं, दोन्ही रात्री 12 वाजून 24 मिनिटांनी. तुमचं मशीन त्या वेळी बंद. क्रॉन चुकलेलं काम नंतर भरून काढत नाही आणि चुकलं म्हणून सांगतही नाही. ट्रूनॅस ही झेडएफएसवरची तयार स्टोरेज सिस्टम वापरणाऱ्यांचंही असंच होतं. तिथे दर रविवारी मध्यरात्री तपासलं जातं आणि शेवटच्या स्क्रबला 35 दिवस उलटले असतील तरच नवं सुरू होतं. मशीन मध्यरात्री बंद असेल तर ते 35 दिवस कोणी मोजतच नाही. डेबियनच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक गंमत आहे: ती फक्त 'ऑनलाइन' अवस्थेतले पूल घेते. एक डिस्क गेली आणि पूल 'डिग्रेडेड' झाला की आपोआप स्क्रब बंद पडतं, तेही मुकाट्याने.

आता स्क्रब नेमकं करतं काय, कारण किती वेळा हे त्यावरून ठरतं. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (त्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) त्या ब्लॉकसोबत न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवतं. त्यामुळे डिस्कने चुकीची माहिती अगदी बिनचूक म्हणून हातात ठेवली तरी ती पकडली जाते. पण पकडली जाते ती वाचल्यावरच. मागच्या डिसेंबरातल्या लग्नाची कच्ची फुटेज आज कोण उघडतंय? आणि उघडली तरी रोजच्या वाचनात पॅरिटीचे (गेलेला डेटा पुन्हा तयार करायला ठेवलेले) ब्लॉक वाचलेच जात नाहीत, कारण डेटा बरोबर आला की त्यांची गरज लागत नाही. स्क्रब भरलेला प्रत्येक ब्लॉक पॅरिटीसकट वाचतं, चेकसमशी पडताळतं आणि खराब निघाला तर बाकीच्या डिस्कवरून तयार करून पुन्हा लिहितं. रिकामी जागा ते वाचत नाही, म्हणून वेळ भरलेल्या जागेवर ठरतो, डिस्कच्या आकारावर नाही.

हे न वाचलेले खराब सेक्टर दुर्मीळ नसतात. नेटॲपच्या 15 लाख 30 हजार डिस्कचा 32 महिन्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 3.45 टक्के डिस्कवर असे लपलेले सेक्टर सापडले. एकट्या डिस्कपुरता हा आकडा छोटा वाटतो. त्रास होतो तो पूलमधली एखादी वेगळीच डिस्क मरते त्या दिवशी. नवी डिस्क भरताना बाकीच्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, आणि वर्षभर न बघितलेले सेक्टर नेमके तेव्हा समोर येतात. रेडझेड2 मध्ये एक पॅरिटी शिल्लक असते म्हणून तुम्ही वाचाल. एकच पॅरिटी असलेल्या रेडझेड1 वाल्यांची तिथेच फाइल जाते.

मग दर आठवड्याला का नको? डिस्कच्या डेटाशीटवर 'वर्कलोड' म्हणून एक आकडा असतो. छोट्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीसाठीच्या) डिस्कना तो बहुतेकदा वर्षाला 180 टीबी असतो, मोठ्या एंटरप्राइझ डिस्कना 550 टीबी. त्यात लिहिणं आणि वाचणं दोन्ही धरलेलं असतं. तुमच्याकडे प्रत्येक डिस्कवर 5 टीबी आहे. दर आठवड्याला स्क्रब म्हणजे 52 गुणिले 5, वर्षाला 260 टीबी, तेही तुमचं एक क्लिप एडिट न होता. दर महिन्याला म्हणजे 60 टीबी. या मर्यादेपलीकडे गेलं की डिस्क लगेच मरते असं नाही, पण झिजण्याची जी भीती तुम्ही विचारलीत तिला आकड्यात उत्तर द्यायचं तर ते एवढंच आहे: महिन्याला काळजी नको, आठवड्याला उगाच भार. एसएसडीच्या पूलला वाचण्याने झीज नगण्य होते, तिथे हा हिशोब लागू नाही.

महिन्याच्या बाजूने तुमच्याच कामातलं एक कारण आहे, आणि मला ते वर्कलोडपेक्षा मोठं वाटतं. डिलिव्हरीनंतर दोन महिन्यांनी बॅकअप पुसता, म्हणजे त्यानंतर त्या लग्नाची एकच प्रत उरते, या पूलवरची. दोन प्रती हातात आहेत तोवर मूळ प्रत एकदा तरी पूर्ण तपासली गेली पाहिजे, नाहीतर चांगली प्रत पुसून खराब ठेवल्यासारखं होईल. म्हणून स्क्रबमधलं अंतर बॅकअप ठेवायच्या मुदतीपेक्षा कमी हवं. साठ दिवसांच्या मुदतीत दर महिन्याचं स्क्रब निदान एकदा तरी बसतंच. उलट कोणी दर पंधरा दिवसांनी जुना बॅकअप पुसत असेल तर त्याला महिन्याचं अंतर पुरणार नाही. बॅकअपची डिस्क मोकळी करण्याआधी शेवटच्या स्क्रबची तारीख आणि निकाल बघायचा, एवढी सवय लावली तरी पुष्कळ आहे.

आता वार. या सगळ्या तयार वेळापत्रकांनी रविवार सुट्टीचा धरलेला आहे. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत सुट्टी गुरुवारी असते, आणि तुमच्याकडे तर रविवार म्हणजे मुहूर्ताचा दिवस. रविवारी रात्री कार्डं रिकामी होतात, सोमवारी-मंगळवारी निवड चालते. बुधवार संध्याकाळ तुलनेने शांत असेल असा माझा अंदाज; चुकत असेन तर वार बदला, तर्क तोच ठेवा. डिस्क सरासरी सेकंदाला 150 एमबी वाचते असं धरलं तर 5 टीबीला सव्वानऊ तास लागतात. सहाही डिस्क एकाच वेळी वाचल्या जातात, त्यामुळे सहापट होत नाही. आठला सुरू केलं तर पहाटे साडेपाचच्या आसपास संपायला हवं.

क्रॉनची ओळ लिहिताना मात्र जपा. 'दुसरा बुधवार' म्हणून बहुतेक जण तारखेच्या जागी 8-14 आणि वाराच्या जागी 3 लिहितात, म्हणजे '0 20 8-14 * 3'. क्रॉन याचा अर्थ 'आणि' असा न घेता 'किंवा' असा घेतो. म्हणजे 8 ते 14 रोज, आणि शिवाय प्रत्येक बुधवारी. महिन्यात एकाऐवजी दहा-अकरा वेळा स्क्रब लागेल. म्हणूनच डेबियनच्या त्या फाइलमध्ये वाराच्या जागी तारा ठेवून आज्ञेच्या आत 'डेट' चालवून वार तपासलेला आहे. तुम्हीही तसंच करा: '0 20 8-14 * *', आणि आज्ञेत वार 3 असेल तरच स्क्रब सुरू करायची अट. क्रॉनमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, म्हणून 'डेट'च्या टक्क्याआधी उलटी तिरपी रेघ द्यायला विसरू नका. आणि जुन्या फाइलमधल्या रविवारच्या स्क्रबच्या ओळीपुढे # टाका, नाहीतर एखाद्या शनिवारी मध्यरात्रीनंतर लग्नाहून आल्यावर कार्ड कॉपी करत बसाल तेव्हा तेही सुरू होईल.

कोणी तुम्हाला सिस्टमडीचा (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर सुचवेल. ओपनझेडएफएसच्या 2.1 मालिकेपासून मासिक आणि साप्ताहिक असे दोन तयार टायमर येतात. चुकलेली वेळ ते मशीन सुरू झाल्यावर भरून काढतात, आणि रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरसाठी मी तेच लावतो. तुमच्याकडे मात्र त्याचा अर्थ असा होईल की 1 तारखेला सकाळी दहाला शटर उघडलं, सर्व्हर चालू केला, आणि एडिटर बसायच्या वेळीच स्क्रबही बसलं. टायमर आणि क्रॉन दोन्ही चालू ठेवून महिन्यात दोनदा स्क्रब करणारेही पुष्कळ आहेत. एक काहीतरी ठेवा.

दिवसा चाललं तर अडेल का? अडेल. झेडएफएस स्क्रबच्या वाचनाला खालची रांग देतं, पण फिरत्या डिस्कचं डोकं एकच असतं, ते दोन ठिकाणी पळायला लागलं की सर्व्हरवरून थेट 4के एडिट करणाऱ्याला टाइमलाइन अडकलेली दिसते. डिस्कच्या कामाचा अग्रक्रम कमी करणारं 'आयओनाइस' लावून उपयोग नाही, कारण स्क्रबचं काम कर्नलच्या आत चालतं. खरा उपाय म्हणजे थांबवणं. 'झेडपूल स्क्रब -पी टँक' म्हटलं की ते विराम घेतं, आणि साधं 'झेडपूल स्क्रब टँक' म्हटलं की तिथून पुढे चालू होतं. सर्व्हर बंद केला तरी विराम टिकतो. म्हणून दुसऱ्या बुधवारनंतरच्या गुरुवारी सकाळी साडेनऊला विरामाची एक ओळ लावून ठेवा. स्क्रब आधीच संपलेलं असेल तर ती नुसती एक तक्रार करून गप्प बसेल. पुन्हा सुरू करणारी ओळ लावताना मात्र अट घाला: 'झेडपूल स्टेटस'मध्ये 'स्क्रब पॉज्ड' असे शब्द दिसले तरच. अट नसेल तर संपलेल्या स्क्रबनंतर तीच आज्ञा नवं स्क्रब पहिल्यापासून सुरू करते. असं रोज रात्री अखंड स्क्रब करणारे सर्व्हर मी पाहिलेत, आणि मालकाला वाटत असतं की डिस्कच तशा आवाज करतात.

विराम न देता सरळ सर्व्हर बंद केला किंवा वीज गेली तर? पूलला काही होत नाही. स्क्रब मुख्यतः वाचतं, आणि चांगल्या ब्लॉकवर कधी वरून लिहीत नाही. प्रगतीची नोंद साधारण दर दोन तासांनी होते, तेवढं काम फार तर पुन्हा होतं. अडचण इतकीच की सकाळी मशीन चालू केलं की ते आपणहून पुढे चालू होतं.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा टक्केवारीने गोंधळू नका. 2019 च्या 0.8 आवृत्तीपासून लिनक्सवर स्क्रब आधी मेटाडेटा (कुठला ब्लॉक कुठे आहे याच्या नोंदी) वाचून ब्लॉकची यादी करतं, ती डिस्कवरच्या जागेनुसार लावतं आणि मग सलग वाचतं. त्यामुळे सुरुवातीला 'स्कॅन्ड' झपाट्याने वाढतं आणि 'इश्यूड' रेंगाळतं. खरं काम 'इश्यूड'चं. पहिल्या अर्ध्या तासातला उरलेल्या वेळेचा अंदाज मी बघतच नाही.

उन्हाळ्याचं एक. एप्रिल-मे मध्ये रात्री एसी बंद करून, खिडक्या लावून, सहा डिस्क नऊ तास पळवाल तर खोली तापणार. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींच्या) यादीत 194 क्रमांकाच्या नोंदीत तापमान असतं. 50 च्या वर जात असेल तर त्या एका रात्री एसी चालू ठेवा किंवा निदान पंखा कॅबिनेटकडे वळवा. डिस्क बदलणं, पूल वाढवणं असली जड कामं चातुर्मासात, मुहूर्त नसताना काढावीत हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता मेल. स्क्रब झालं पण निकाल कोणी वाचला नाही, तर दुरुस्ती तेवढी होते, इशारा वाया जातो. झेडएफएससोबत 'झेड' नावाचा एक डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) येतो, तो स्क्रब संपल्याची घटना ऐकून मेल पाठवू शकतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पत्ता बहुतेकदा 'रूट' असतो, म्हणजे मेल गेलीच तर त्याच मशीनवरच्या अशा पेटीत जाते जी कोणी उघडत नाही. तिथे तुमचा रोजचा पत्ता घाला, मेल बाहेर पाठवणारा एखादा छोटा प्रोग्रॅम बसवा, आणि 'नोटिफाय व्हर्बोज'ची किंमत 1 करा. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. ती नसेल तर डेमन फक्त बिघाड असेल तेव्हाच मेल करतो. मग मेल आली नाही याचा अर्थ सगळं ठीक, की स्क्रबच झालं नाही, की मेलच बंद पडलीय? व्हर्बोज केलं की दर महिन्याला एक मेल यायलाच हवी, आणि न आलेली मेल हाच इशारा होतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये दुसऱ्या बुधवारनंतरच्या गुरुवारी 'स्क्रबची मेल आली का' एवढं टाकून ठेवा.

मेल खरंच येते का, हे डिस्क बिघडायची वाट न बघता तपासता येतं. टेम्प फोल्डरमध्ये 256 एमबीच्या दोन फाइल बनवा, त्यांचा 'चाचणी' नावाचा मिरर (दोन्हींवर तीच प्रत असलेला) पूल करा, त्यात शे-दीडशे एमबीचे फोटो टाका. मग 'डीडी' या कॉपी करणाऱ्या आज्ञेने एका फाइलमध्ये सुरुवातीचे 10 एमबी सोडून पुढच्या 100 एमबीवर कचरा लिहा. 'नोट्रंक' हा पर्याय द्या, नाहीतर फाइल आखूड होईल. आता त्या पूलवर स्क्रब चालवा. एका फाइलसमोर चेकसमच्या रकान्यात आकडा चढलेला दिसेल, फोटो सगळे शाबूत असतील आणि मेल यायला हवी. 'डीडी'ला लक्ष्य देताना दोनदा वाचा. तिथे फाइलऐवजी खऱ्या डिस्कचं नाव पडलं तर ही चाचणी राहत नाही.

निकाल वाचायचा कसा. 'स्कॅन'च्या ओळीत दोन आकडे असतात: किती 'रिपेअर्ड' आणि किती 'एरर्स'. 'रिपेअर्ड 128के, 0 एरर्स' असेल तर बिघाड होता, दुरुस्त झाला, एकही फाइल गेली नाही. घाबरायचं नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. खाली प्रत्येक डिस्कसमोर रीड, राइट, चेकसम असे तीन रकाने असतात. एकाच डिस्कवर रीडचे आकडे असतील आणि स्मार्टमध्ये 5 किंवा 197 क्रमांकाची (खराब किंवा संशयित सेक्टरांची) नोंद वाढत असेल तर ती डिस्क म्हातारी झाली, नवी मागवा. एकाच डिस्कवर फक्त चेकसमचे आकडे असून स्मार्टची 199 क्रमांकाची (केबलवरच्या चुकांची) नोंद वाढत असेल तर संशय डिस्कवर नको, साटा केबलवर घ्या. केबल बदला, 'झेडपूल क्लिअर' करा आणि महिन्याची वाट न बघता लगेच पुन्हा स्क्रब लावा. सगळ्याच डिस्कवर एकदम आकडे दिसले तर सहा डिस्क एका रात्रीत बिघडत नसतात. कंट्रोलर, पॉवर सप्लाय किंवा रॅम बघा.

रॅमवरून आठवलं. ईसीसी (स्वतःच्या चुका पकडण्याची सोय) नसलेल्या रॅमवर स्क्रब चालवलं तर ते चांगला डेटा खराब करत सुटतं, अशी एक कथा वर्षानुवर्षं फिरते. दुरुस्त केलेला ब्लॉक चेकसमशी जुळल्याशिवाय झेडएफएस तो लिहीत नाही, तेव्हा त्या कथेत दम नाही. ईसीसी असेल तर चांगलंच, नसेल म्हणून स्क्रब टाळू नका.

'परमनंट एरर्स' असं आलं तर 'झेडपूल स्टेटस -व्ही' फाइलचं नाव देतं. ती बॅकअपवरून आणा. खराब ब्लॉक एखाद्या स्नॅपशॉटमध्येही (डेटाच्या गोठवून ठेवलेल्या जुन्या स्थितीतही) असेल तर तोही काढावा लागेल. यादीतलं नाव लगेच जात नाही, पुढची एकदोन स्क्रब पूर्ण झाली की जातं. आणि स्क्रबला किती तास लागले याची दर महिन्याची नोंद ठेवा. डेटा तेवढाच असताना नऊ तासांचे चौदा झाले तर एखादी डिस्क रखडायला लागली आहे. स्क्रब चालू असताना 'झेडपूल आयओस्टॅट -व्ही -एल' बघितलं की कुठली ते दिसतं. ती अजून जिवंत आहे तोवर बदलणं सोपं असतं. मात्र एखादी डिस्क खरोखर मेलीच असेल तर 'आधी स्क्रब मग बदल' असं करू नका. लगेच नवी लावा, स्क्रब भरणी पूर्ण झाल्यावर.

स्मार्टची लांब चाचणी हे स्क्रबला पर्याय नाही. ती डिस्कचा पृष्ठभाग आतल्या आत वाचते, तिला तुमचे चेकसम माहीत नसतात. पण करा, महिन्याच्या चौथ्या बुधवारी. 8 टीबीच्या डिस्कला ती अर्ध्या दिवसाहून जास्त घेऊ शकते आणि मध्ये वीज गेली तर रद्द होते. दोन्ही एकाच रात्री लावलं तर दोन्ही रखडतात.

राहिल्या यूएसबी डिस्क. कपाटात पडून असलेला बॅकअप तर कोणीच वाचत नाही, तेव्हा तपासणीची खरी गरज तिथे जास्त. त्यांवर झेडएफएसच असेल तर कॉपी झाल्यावर लगेच डिस्क उपसू नका. 'झेडपूल स्क्रब -डब्ल्यू' चालवा, ती आज्ञा स्क्रब संपेपर्यंत थांबून राहते, आणि तिच्यामागे 'झेडपूल एक्स्पोर्ट' लावून ठेवलं की सकाळी डिस्क काढायला तयार असते. एकट्या डिस्कवर स्क्रब फाइल दुरुस्त करू शकत नाही, कुठली गेली ते सांगतं. मूळ पूल शाबूत असताना ते कळलं तर ती फाइल तिथून पुन्हा कॉपी करायची. विंडोजची एनटीएफएस फाइलसिस्टम असेल तर त्यात डेटाचे चेकसम नाहीत. पुढच्या वेळी डिस्क रिकामी होईल तेव्हा ती झेडएफएसने फॉरमॅट करून घ्या.